उताराला तिकीट

मर्थर टिडविल या गावात उतार विकत मिळतो. शनिवार-रविवारचा हवा असेल तर आधीपासून नाव नोंदवून ठेवावं, कारण चांगला उतार लवकर संपतो. साताऱ्यात उभी हयात काढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं. आमच्याकडे उतार हा जमिनीचा दोष समजतात. प्लॉटला उतार निघाला की विकणारा आपसूक चार पैसे खाली येतो. घाटात उतार लागला की ‘वाहन गिअरमध्ये ठेवा’ अशी पाटी येते. आणि आयुष्यात उतार लागला की ‘आता जपून राहा हं’ म्हणणारे नातेवाईक येतात. उतार बघून खिशात हात घालणारी माणसं मी पहिल्यांदा पाहिली ती वेल्समध्येच.

मर्थर हे साऊथ वेल्सच्या खोऱ्यांतलं जुनं लोखंड-कोळशाचं गाव. कार्डिफहून उत्तरेला मोटारीनं पाऊण तास. रुळांवरून माल आणि माणसं ओढणारं जगातलं पहिलं वाफेचं इंजिन इथंच धावलं. २१ फेब्रुवारी १८०४ ला रिचर्ड ट्रेविथिकच्या इंजिनानं पेनिडॅरनच्या कारखान्यापासून दहा टन लोखंड आणि वर बसलेली सत्तर माणसं नऊ मैलांच्या वर ओढत नेली. त्यावर कारखानदारांची पैज लागली होती. इंजिनानं काम फत्ते केलं, पण त्याच्या वजनानं बिडाचे रूळ मात्र ठिकठिकाणी मोडले. ही गोष्ट सांगताना बहुतेक जण एक तपशील गाळतात. तो सगळा प्रवास उताराकडे होता. म्हणजे उतारावरून खाली यायचं आणि मग काय काय मोडलं ते बघत बसायचं, ही या गावची दोनशे वर्षांहून जुनी रीत आहे. आता वेग तेवढा वाढलाय.

पुढं भट्ट्या विझल्या, खाणी बंद पडल्या. डोंगरातून काढण्यासारखं जे जे होतं ते काढून झालं आणि नुसता डोंगर उरला. मग कोणाच्या तरी ध्यानात आलं की डोंगराचा उतार अजून कोणी विकलेला नाही! ऑगस्ट २०१३ मध्ये मनिथ गेथिन नावाच्या डोंगरावर ‘बाइक पार्क वेल्स’ सुरू झालं. त्या डोंगराची उंची ४९१ मीटर. जावयांनी हा आकडा मला मोठ्या अभिमानानं सांगितला. साताऱ्यात राजवाड्याजवळची भेळेची गाडी याहून उंचावर उभी असते, हे मी त्यांना सांगितलं नाही. जावई माणूस, त्यात सांगलीचे. सपाटीवरच्या माणसाला डोंगराचं फार कौतुक असतं.

तर आमचे जावई. कार्डिफमध्ये संगणकाची नोकरी, अंगानं शिडशिडीत, स्वभावानं गरीब. लग्नात सप्तपदीच्या वेळी उपरण्यात पाय अडकून पडतील की काय अशी आम्हाला धास्ती होती. हाच माणूस आता दर रविवारी पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट, गुडघ्यांना आणि कोपरांना ढाली, पाठीला कवच असा जामानिमा करून डोंगरावरून स्वतःला खाली सोडतो. सख्खा मुलगा असता तर मी दोन शब्द सुनावले असते. जावयाला काय बोलणार? ‘जपून हं’ म्हणावं तर अपशकुन वाटतो, ‘वा, छान’ म्हणावं तर मुलगी माझ्याकडे बघते.

त्यांच्या सायकलबद्दल सविस्तर सांगायलाच हवं. ती दिवाणखान्यात असते. बाहेर ठेवता येत नाही, कारण तिला चोर लागतात. भिंतीला टेकवून ठेवावी लागते, कारण तिला स्टँड नाही. मी जरा बारकाईनं पाहिलं तर मागं कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, डायनॅमो नाही. मडगार्ड म्हणून पुढच्या चाकावर वितीएवढा प्लास्टिकचा तुकडा. आमच्या वडिलांची हर्क्युलस या सगळ्यांसकट होती आणि वर दांडीला छोटं सीट होतं, ज्यावर बसून मी शाळेत गेलो.

‘‘केवढ्याची?’’ मी विचारलं.

‘‘बाबा, सेकंडहँड आहे,’’ जावई म्हणाले. किंमत विचारली की नवी आहे की जुनी ते सांगायचं, ही युक्ती ते लग्नानंतर शिकलेत.

आकडा मुलीनं सांगितला. साडेतीन हजार पौंड. मी मनातल्या मनात रुपये केले आणि मग कशाला केले असं झालं. या जातीच्या नव्या सायकली पाच-सहा हजार पौंडांच्याही असतात म्हणे, म्हणजे आमची बचतच झाली होती.

पैसा गेला कुठं, तेही बघून घेतलं. पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना सस्पेन्शन, त्यात स्प्रिंगऐवजी हवा, आणि ती हवा भरायला वेगळा छोटा पंप, कारण टायरचा पंप तिथं चालत नाही. टायरात ट्यूब नाही. आत दुधासारखा पातळ चीक असतो, काटा घुसला की तो भोकात जाऊन गोठतो. मी आयुष्यभर पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधलेला माणूस, तेव्हा हे मला मनापासून आवडलं. पण खरी करामत सीटची. हँडलवरचा खटका दाबला की सीट खाली बसतं. पुन्हा दाबला की वर येतं. उतारावर सीट मध्ये येऊ नये म्हणून ही सोय. म्हणजे शे-दोनशे पौंड जास्त मोजून सीट अशासाठी घ्यायचं की हवं तेव्हा ते नाहीसं करता यावं. मी दोन-तीनदा खटका दाबून पाहिला. चौथ्यांदा दाबला तेव्हा जावयांनी हळूच सायकल माझ्या हातून काढून घेतली.

बाइक पार्कात चढ नाही असं नाही. चढायची एक वाट मुद्दाम आखलेली आहे, तिचं नावच ‘बीस्ट ऑफ बर्डन’, ओझ्याचं जनावर. तिकिटाचे दोन दर आहेत. स्वतः पेडल मारत चढणाऱ्याला कमी, आणि मिनीबसमधून वर जाणाऱ्याला जास्त. मिनीबसमागं ट्रेलर, ट्रेलरवर ओळीनं सायकली आणि आत चिलखतं घातलेली माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. गाडी डोंगरमाथ्यावर जाते, सगळे उतरतात, काही मिनिटांत खाली येतात आणि पुन्हा त्याच गाडीच्या रांगेत लागतात. संध्याकाळपर्यंत हेच. मी एक फेरी त्या गाडीतून मारली असती, पण सायकल न घेता वर जाणाऱ्याचं काय करायचं हे कोणाला सुचेना. मग मी ओझ्याच्या वाटेशेजारून चालत निघालो. पेडल मारत चढणारे तुरळक भेटले. प्रत्येकानं धापा टाकत मला ‘ऑल राइट?’ विचारलं. प्रश्न खरं तर मी विचारायला हवा होता.

वाटांना रंग आहेत. हिरवी नवशिक्यांची, निळी बऱ्यापैकी येणाऱ्यांची, लाल सरावलेल्यांची, काळी ज्यांनी विमा उतरवलाय त्यांची. रंगांखेरीज नावंही आहेत. हिरवीचं नाव ‘कर्मिट’, त्या बाहुल्यांच्या कार्यक्रमातल्या हिरव्या बेडकावरून. एकीचं नाव ‘ए-४७० लाइन’. ए-४७० हा कार्डिफपासून पार उत्तरेच्या समुद्रापर्यंत जाणारा रस्ता. ट्रॅक्टर, वळणं आणि पुन्हा ट्रॅक्टर यांमुळे त्याच्यावर सबंध वेल्सचं चिडून प्रेम आहे. त्या रस्त्यावर जो वेग कधी मिळाला नाही तो या वाटेवर उड्या मारत वसूल करायचा, असा हिशेब असावा. आणि एका वाटेचं नाव ‘कोल नॉट डोल’. १९८४-८५ च्या खाण कामगारांच्या संपातली ही घोषणा. आम्हाला कोळसा हवा, बेकारभत्ता नको. वर्षभर चाललेला तो संप हरला आणि पुढच्या काही वर्षांत इथल्या खाणी एकामागून एक बंद पडल्या. आज त्या नावावरून ज्या पोरांची चाकं जातात त्यांच्यातल्या काहींचे आजोबा त्या संपात असतील. नाव ठेवणाऱ्यानं विसरायचं नाही म्हणून ठेवलं की गंमत म्हणून, हे मला ठरवता आलं नाही. पण जावयांना त्याचा अर्थ ठाऊक होता, याचं मला बरं वाटलं.

इथवर वाचून ज्यांच्या जिभेवर ‘आमच्याकडे असले खड्डे फुकट मिळतात’ हे वाक्य आलंय, त्यांना माझी विनंती की ते गिळावं. मीही ते पहिल्याच दिवशी बोललो होतो आणि जावई सभ्यपणे हसले होते. पण वाटेच्या कडेला दोन तास उभं राहिल्यावर मी ते परत घेतलं. आपला खड्डा हा कोणी न केलेला असतो. तिथला प्रत्येक दगड कोणीतरी ठेवलेला आहे. मी ज्या जागी उभा होतो तिथं कंबरेएवढा कातळाचा टप्पा होता. वरून यायचं, काठावरून चाक हवेत सोडायचं आणि खाली उतरायचं. खाली उतरण्याची जागा सपाट ठेवलेली नव्हती. तिथं मातीला बरोबर एवढा उतार दिलेला, की हवेतून आलेलं चाक आदळण्याऐवजी टेकावं. वळणाची बाहेरची कड भिंतीसारखी उचललेली, म्हणजे सायकल आडवी झाली तरी वाट तिला पोटाशी धरते. ओलाव्यानं सगळं निसरडं होतं, पण पाणी कुठंही साचलेलं नव्हतं. वेल्समध्ये हे सोपं नाही. तिथं पाऊस हा ऋतू नाही, पत्ता आहे.

त्या पाण्याचं रहस्य तिथंच फावडं घेऊन काम करणाऱ्या एका माणसानं सांगितलं. हे लोक म्हणे नवी वाट आखताना आधी पावसात जाऊन उभे राहतात आणि पाणी कुठून कुठं जातं ते बघतात. वाट सरळ उताराच्या धारेवर टाकायची नाही, कारण मग पाऊस तिलाच ओढा समजतो. डोंगराचा आडवा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला द्यायचा नाही. दर थोड्या अंतरावर वाटेला छोटासा चढ द्यायचा, म्हणजे पाणी तिथं थबकतं आणि बाजूला निघून जातं. सायकलवाल्याला वाटतं हा चढ आपल्याला मजा यावी म्हणून दिलाय. तो आहे पाण्यासाठी. हे सगळं तो माणूस सांगत होता आणि सांगता सांगता एका दगडाखाली मुरूम ठासत होता. दगड हलतोय का हे त्यानं पायानं पाहिलं, मग अंगाचा भार टाकून पाहिलं, मग जरासा फिरवून पुन्हा बसवला. हा दगड माणसाच्या अंगावर काटा आणण्यासाठीच तिथं होता आणि तो डुगडुगू नये म्हणून ही मेहनत. धोक्याची एवढी निगा राखलेली मी याआधी पाहिलेली नाही. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकाला ठेकेदारानं याच्या दशांश जीव लावला असता तर माझा मणका आज वेगळा असता.

या कामाची गुरुगादी उत्तरेला, कोइड अ ब्रेनिनच्या जंगलात. खास माउंटन बाइकसाठी बांधलेलं ब्रिटनमधलं पहिलं केंद्र ते. नव्वदच्या दशकात दाफिद डेव्हिस नावाच्या वनखात्यातल्या माणसानं तिथं दगड बसवून, सगळ्या हवेत टिकतील अशा वाटा बांधल्या आणि मग जगभरचे लोक बघायला येऊ लागले. २०२५ च्या मार्चअखेर तिथलं अभ्यागत केंद्र खर्च परवडत नाही म्हणून सरकारी संस्थेनं बंद केलं. वाटा चालू राहिल्या. दगडाला पगार लागत नाही.

मला सगळ्यात भावलेली सोय मात्र वेगळीच. प्रत्येक अवघड टप्प्याच्या बाजूनं एक सोपी फांदी काढलेली असते. तिला ‘चिकन लाइन’ म्हणतात, म्हणजे घाबरटांची वाट. नाव चिडवणारं, पण वाट अगदी व्यवस्थित बांधलेली, तिच्यावरही मुरूम ठासलेला. त्या कातळाच्या टप्प्यापाशी मी माणसं बघत होतो. एक पन्नाशीचा गृहस्थ काठापर्यंत आला, ब्रेक दाबले, खाली पाहिलं. मग आहेराच्या रांगेत पाकीट विसरलेल्या माणसासारखा बाजूला झाला आणि मागच्या चार पोरांना पुढं जाऊ दिलं. पुन्हा थोडा मागं गेला, पुन्हा आला, पुन्हा ब्रेक. शेवटी त्यानं घाबरटांची वाट धरली आणि खाली सगळ्यांबरोबर जाऊन मिळाला. कोणी हसलं नाही. एकानं उलट त्याला मुठीवर मूठ आपटून शाबासकी दिली. मला आपला दहावीचा गणिताचा पेपर आठवला. तिथं फांदी नव्हती.

हे सगळं असूनही माणसं पडतात, आणि पडल्यावर आधी सायकलला काय झालं ते विचारतात. हे मी कानांनी ऐकलंय. चिखलात उताणा पडलेल्या पोराला त्याचा मित्र म्हणाला, ‘बाइक ओके?’ आणि पोरानंही आधी मान वळवून सायकलकडे पाहिलं. माणसाची चौकशी शेवटी डॉक्टरच करतो, आणि साऊथ वेल्सच्या खोऱ्यांत आपल्या लोकांची डॉक्टरकी जुनी आहे. दवाखान्यांना तिथले डॉक्टर पुरत नव्हते तेव्हा भारतातून गेलेल्यांनीच गावोगावच्या खाणकामगारांची छाती तपासली. आमच्या ओळखीचे एक हाडांचे डॉक्टर मूळचे कऱ्हाडचे, आता निवृत्त. ते एकदा जेवायला आले असताना जावयांनी उत्साहानं विषय काढला. डॉक्टर वरणभात कालवत शांतपणे म्हणाले, ‘‘खांद्याजवळचं आडवं हाड असतं ना, कॉलरबोन, ते देवानं सायकलवाल्यांसाठीच मुद्दाम बारीक ठेवलंय. तिथं मोडलं की बाकीचं वाचतं.’’ मुलीनं त्यांना आणखी तूप वाढलं नाही.

या खेळाचा शोध अमेरिकेत लागला अशी एक समजूत आहे आणि ती बरीचशी खरी आहे. कॅलिफोर्नियात माउंट टॅमलपायसवरून जुन्या जाडजूड सायकली खाली सोडणारी हिप्पी मंडळी होती, १९७६ साली त्यांनी रीतसर शर्यत भरवली आणि तिला ‘रिपॅक’ नाव दिलं. कारण एका उतारात मागच्या ब्रेकातलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. पण इंग्लंडात, वेल्सच्या हद्दीलगत लेमस्टर गावी, १९५५ सालीच ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाची मंडळी जमली होती. ही माणसं साध्या सायकली घेऊन डोंगरदऱ्यांत जायची, वाट संपली की सायकल खांद्यावर घ्यायची. जुन्या फोटोंत गळ्यात टाय आहेत, तोंडात पाइप आहेत, कमरेइतक्या ओढ्यातून सायकल डोक्यावर धरून चाललेत. त्यांच्यात कोणाला उताराची घाई दिसत नाही. या पंथात माझी नावनोंदणी झाली असती.

बाइक पार्काबाहेर, मोकळ्या रानात सायकल कुठं चालवायची याचा कायदा तर फारच मजेचा. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टनं सायकलवाल्यांना घोड्यांच्या वाटांवर जायची मुभा दिली, अट अशी की पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. निव्वळ पायवाटांवर मात्र सायकलवाल्याला असा हक्क नाही. म्हणजे वेल्सच्या डोंगरात सायकल हा कायद्यानं जवळजवळ घोडा आहे, फक्त खालच्या दर्जाचा. साहजिकच माणूस, घोडा आणि सायकल यांत सरस कोण, याचा कोणालातरी एकदा निकाल लावावासा वाटला.

निकाल लागला लानुर्टिड वेल्स नावाच्या चिमुकल्या गावात. तिथल्या पबमध्ये दोघांचा वाद जुंपला. लांबच्या पल्ल्यात, डोंगराळ रानात, माणूस घोड्याला हरवू शकतो की नाही? पबचे मालक गॉर्डन ग्रीन यांनी तो ऐकला आणि १९८० साली शर्यतच लावून दिली. माणूस विरुद्ध घोडा, बावीस मैलांच्या आसपास. १९८५ पासून त्यात सायकलींनाही घेतलं. १९८९ साली टिम गूल्ड यानं सायकलवर घोड्यांना मागं टाकलं. पळणाऱ्या माणसाला मात्र २००४ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी ह्यू लॉब जिंकला आणि दरवर्षी हजार पौंडांनी फुगत गेलेलं पंचवीस हजारांचं बक्षीस घेऊन गेला. तोवर सायकलींना शर्यतीतून काढून टाकलेलं होतं. सांगलीच्या माणसाला हा अन्याय झोंबतो. जावई अजून म्हणतात, ‘‘बाबा, खरं म्हणजे आम्ही आधी जिंकलो होतो.’’ आम्ही!

त्याच गावानं काढलेला आणखी एक प्रकार आहे. दलदलीत सहा फुटांचा चर खणायचा, त्यात काळं पाणी, आणि पाण्याखालून सायकल चालवायची. तोंडात श्वासाची नळी. सायकल तरंगू नये म्हणून तिच्या फ्रेममध्ये शिसं भरलेलं आणि टायरात हवेऐवजी पाणी. चालवणाऱ्याच्या अंगावर रबरी पोशाख आणि तोही वर येऊ नये म्हणून कमरेला शिशाचा पट्टा. चिलखत, सस्पेन्शन, खटक्याचं सीट, कशालाच तिथं काम नाही. जावयांनी याचे जुने फोटो मला रात्री जेवणानंतर दाखवले. एका फोटोत पाण्याबाहेर नुसती नळी दिसत होती. ते बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही चाललं होतं ते मुलीनं स्वयंपाकघरातून ओळखलं.

‘‘जायचं तर जा,’’ ती आतूनच म्हणाली, ‘‘पण घरात यायच्या आधी सायकल बाहेर धुवायची. मग तू. आणि बाबा सोबत येणार नाहीत.’’

मी अजून काही म्हणालोच नव्हतो.